आनंद करा आणि सावध राहा: मराठी मंडळ्यांच्या पाळकांना व पास्टरेट कमिट्यांना खुले पत्र

प्रिय पाळकहो आणि कमिटीतील वडीलधाऱ्यांनो,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

सभांचा मोसम आला की मैदानावर मांडव पडतो, चौकाचौकात फ्लेक्स लागतात. पाहुण्या वक्त्याच्या फोटोखाली ‘चमत्कार’, ‘सुटका’, ‘आशीर्वाद’ असे ठळक शब्द असतात. सकाळी आपल्या उपासनेला बसलेली कितीतरी माणसे संध्याकाळी त्या मांडवात असतात, आणि जी जात नाहीत ती तेच मोबाइलवर बघतात. कमिटीत विषय निघाला की कुणी म्हणते, जाऊ द्या, आनंदाने देवाचे नाव तर घेतात. कुणी म्हणते, पुलपीटवरून ताकीद द्या. आमचे म्हणणे असे, की या दोन्हींपैकी एकट्याने काही साधणार नाही. लोकांच्या आनंदाची काळजी आणि शिक्षणाची राखण हे पाळकाचे एकच काम आहे. पहिले ढिले पडले की दुसरे फसते.

प्रेषित पौलाने फिलिप्पै नगरातल्या मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय काढून पाहा. पहिल्या वचनात पौल प्रभूमध्ये आनंद करायला सांगतो आणि पुन्हा तेच लिहिण्याचा आपल्याला कंटाळा नाही असे म्हणतो. लगेच दुसऱ्या वचनात तीनदा ‘सावध’ असा इशारा येतो, तोही फार कडक शब्दांत. आज आपण वापरतो ते नव्या करारातले वचनांचे आकडे 1551 मध्ये रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाच्या छापील आवृत्तीत आले. पौलाच्या पत्रात मध्ये काही तोडलेले नव्हते. आनंदाच्या कार्डावर पहिले वचन छापायचे आणि दुसरे वगळायचे ही सवय आपली आहे.

फिलिप्पैतला धोका काय होता, हे मंडळीला नीट सांगायला हवे. तिथले शिक्षक ख्रिस्ताला नाकारत नव्हते. ते म्हणत होते, ख्रिस्त आहेच, पण सुंताही हवी. म्हणून पौल स्वतःची जमेची बाजू एकदा पूर्ण मांडतो: आठव्या दिवशी सुंता, इस्राएलाचा वंश, बन्यामिनाचे कूळ, इब्र्यांपासून झालेला इब्री, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, आवेशात मंडळीचा छळ करणारा, नियमशास्त्रातल्या नीतिमत्त्वात निर्दोष. सात बाबी. आणि सातही तोट्याच्या खात्यात टाकतो. कारण सरळ आहे. देवाची प्रसन्नता ख्रिस्ताशिवाय आणखी कशावर अवलंबून ठेवली, की माणसाला ते ‘आणखी’ पुरेसे झाले का हे रोज तपासत बसावे लागते. त्या तपासात आनंद टिकत नाही. खोट्या शिक्षणाने आनंद जातो तो असा. वरून उत्साह वाढलेला दिसतो, आत माणूस धास्तावलेला असतो.

आजचे ‘आणखी’ वेगळ्या नावांनी येते. ‘बीज पेरा’ म्हणून ठरावीक रकमेचे दान. प्रार्थना केलेले तेल, रुमाल, पाण्याची बाटली. ‘तोंडाने कबूल करा, उलट शब्द काढलात तर आशीर्वाद अडेल.’ वंशाचा शाप तोडण्यासाठी खास सभा, आणि एकदा तुटला नाही तर पुन्हा खास सभा. शापाच्या शिक्षणाला निर्गम 20:5 चा आधार दिला जातो. पण मुलगा बापाच्या पापाची शिक्षा भोगणार नाही हे यहेज्केल 18:20 मध्ये आहे, आणि ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला हे गलतीकरांस 3:13 मध्ये. ही दोन वचने सभेत वाचली जात नाहीत. आपल्या उपासनेत तरी ती मोठ्याने वाचली जावीत.

खोटे शिक्षण बहुतेक वेळा खऱ्या वचनावर उभे असते, म्हणून लोकांना ओळखता येत नाही. यिर्मया 29:11 घ्या. मराठी ख्रिस्ती घरांत हे वचन कॅलेंडरवर, फ्रेममध्ये, लग्नपत्रिकेवर दिसते: देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. सभेत त्याचा अर्थ सांगतात, की याच वर्षी तुमची नोकरी, घर, व्हिसा. आता तोच अध्याय वरून वाचा. हे एक पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये यहूदाचा राजा यकन्या याच्याबरोबर बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते यरुशलेमेहून पाठवले. पाचव्या वचनापासून तो सांगतो: घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, मुलांची लग्ने लावा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे लवकर परत येणार नाही, मुक्काम टाका. आठव्या-नवव्या वचनात इशारा: तुमच्यातल्या संदेष्ट्यांना फसू नका, मी त्यांना पाठवलेले नाही. दहाव्यात मुदत: सत्तर वर्षे. आणि मग अकरावे वचन.

त्याआधीचा अट्ठाविसावा अध्याय जोडला की चित्र पुरे होते. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजक आणि सगळ्या लोकांदेखत सांगतो, की दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाच्या मानेवर असलेले लाकडी जू काढून तो मोडतो. लोकांना आवडेल असाच संदेश, आणि तोही परमेश्वराच्या नावाने. पाचव्या महिन्यात हे झाले आणि सातव्या महिन्यात हनन्या मेला. सत्तर वर्षांचा हिशेब केला तर यिर्मयाचे पत्र ऐकणारा चाळिशीतला माणूस परत जाणार नव्हता. अकरावे वचन त्याच्यासाठीही होते. स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीवर भरवसा ठेवून त्याने बाबेलमध्ये बाग लावायची होती. हा आनंद खोल आहे, पण तो फ्लेक्सवर मावत नाही.

दर बुधवारच्या अभ्यासात असे एकेक ‘फ्रेममधले वचन’ घ्यावे, असे आम्ही सुचवतो. पद्धत साधी ठेवा. आधी वचनाच्या मागची दहा आणि पुढची दहा वचने कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. मग तीन प्रश्न: कोण बोलतो, कुणाला, कोणत्या वेळी? त्यानंतर, हाच विषय शास्त्रात आणखी कुठे आहे, आणि तिथे सूर वेगळा आहे का? सगळ्यात शेवटी, ‘आपल्यासाठी काय?’ गडबड होते ती हा शेवटचा प्रश्न पहिल्यांदा विचारल्याने. फिलिप्पै 4:13, ‘मला सर्व काही करण्यास शक्ती आहे’, हे परीक्षेच्या यशासाठी वापरतात. दोनच वचने वर पौल भूक, विपन्नता आणि समाधान शिकण्याविषयी बोलतो आहे. 3 योहान 2 मधली तब्येत चांगली असावी ही प्रार्थना गायस या एका मित्राला पत्राच्या सुरुवातीला केलेली सदिच्छा आहे, सगळ्या विश्वासणाऱ्यांना दिलेले संपत्तीचे वचन नाही. बिरुयातले लोक पौलाचे बोलणेसुद्धा दररोज शास्त्रात पडताळून पाहत होते, आणि प्रेषितांची कृत्ये 17:11 त्याबद्दल त्यांची स्तुती करते. मंडळीतल्या कुणी पाळकाला प्रश्न विचारला तर तो अपमान समजू नये. ज्या मंडळीत आपल्या पाळकाला विचारायची मुभा नाही, तिथले लोक पाहुण्याला काय विचारणार?

आता आजारपणाविषयी. इथे चुकीच्या शिक्षणाने जीव जातात, म्हणून थोडे सविस्तर.

देव बरे करतो यावर आमचा विश्वास आहे. याकोबाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे मंडळीच्या वडीलजनांनी आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करावी, हेही आम्ही आग्रहाने सांगतो. पण ‘विश्वास असेल तर आजार राहणारच नाही’ हे शिक्षण फिलिप्पैकरांस पत्रातच मोडते. पौलाचा सहकारी एपफ्रदीत मरणाला टेकला होता. तो आजारी असल्याची बातमी फिलिप्पैला पोचली आणि तिथले लोक काळजीत आहेत हे त्याला परत कळले, इतका काळ गेला. पत्र परंपरेप्रमाणे रोमहून लिहिले असेल तर हा प्रवास एका दिशेने कित्येक आठवड्यांचा. प्रेषितांची कृत्ये 19:12 मधल्या रुमालांचा दाखला देऊन आज रुमाल वाटतात. ज्याच्या अंगावरचे ते रुमाल होते, त्याच पौलाचा सहकारी त्याच्याजवळ आजारी पडून होता. त्रफिम या दुसऱ्या सहकाऱ्याला पौलाने मिलेत येथे आजारी सोडले. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. यातल्या एकालाही त्याने ‘तुझा विश्वास कमी’ असे म्हटलेले नाही.

व्यासपीठावरच्या साक्षींविषयी एक नियम करावा. त्याच संध्याकाळी, त्याच मंचावर ‘मी बरा झालो’ ही साक्ष घेऊ नये. शरीराला वेळ लागतो, बिघाडालाही लागतो. रक्तदाबाची गोळी सोडलेल्या माणसाला चार दिवस काहीच वाटत नाही. क्षयरोगाचा खोकला औषधाने काही आठवड्यांत थांबतो, जंतू आत राहतात. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. तो मध्येच सोडला तर रोग उलटतो, औषधांना दाद न देणारा होऊ शकतो, आणि घरातल्यांना तसाच लागतो. फिटची गोळी एकदम बंद केली तर न थांबणारी फिट येऊ शकते. लहानपणापासून इन्शुलिनवर असलेल्या मुलाचे इन्शुलिन थांबवले तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. मधुमेह खरेच आटोक्यात आला का हे दाखवणारी एचबीएवनसी तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कालच्या प्रार्थनेनंतरची स्थिती नाही. म्हणून साक्ष द्यायची तर डॉक्टरांच्या तपासणीनंतर, काही महिन्यांनी, आणि औषध डॉक्टरांनी कमी केले असेल तरच तसे सांगावे.

यात अविश्वास आहे असे कुणी म्हणाले तर त्यांना मार्क 1:44 दाखवा. कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर येशूने त्याला गावभर सांगायला पाठवले नाही. याजकाला जाऊन दाखव, असे बजावले. लेवीय 14 प्रमाणे ती तपासणी छावणीबाहेर सुरू होई, माणूस छावणीत आला तरी सात दिवस स्वतःच्या डेऱ्याबाहेर राही, आणि आठव्या दिवशी अर्पण होई. खऱ्या आरोग्याला तपासणीची भीती नसते, हे प्रभूने स्वतः दाखवले.

कायद्याची बाजूही माहीत असावी. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखणे हा गुन्हा आहे. आजार बरे करण्याच्या चमत्कारी जाहिरातींवर 1954 पासून केंद्राचा कायदा आहे. आपल्या आवारात सभा होत असेल तर जबाबदारी आपलीही.

पैशांबद्दल पौल काटेकोर होता. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम त्याने एकट्याने हाताळली नाही. तीताबरोबर आणखी दोन बांधव दिले, त्यातला एक मंडळ्यांनी निवडलेला, आणि कारणही लिहून ठेवले: कुणी दोष लावू नये म्हणून, प्रभूसमोर तसेच माणसांसमोरही (2 करिंथ 8). याच चालीवर: दान मोजायला एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोघे बसावेत, मोजणी वेस्ट्रीतच (चर्चमधल्या पाळकाच्या खोलीत) पुरी व्हावी, आकडा लिहून दोघांनी सही करावी, आणि रक्कम सोमवारी बँकेत भरावी. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा असावा, पाळकाच्या वैयक्तिक खात्याचा कधीच नको. पाहुण्याचे मानधन आणि प्रवासखर्च सभेआधी ठरवून लेखी द्यावा. ‘खास अर्पणाचे’ आवाहन पाहुण्याने मंचावरून करायचे नाही, ही अट आधी सांगावी. जो या अटीवर नाराज होतो, त्याच्याविषयी आणखी चौकशीची गरज उरत नाही. आपली मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर ऑडिट झालेला हिशेब वर्षातून एकदा सूचनाफलकावर लावा. आपला हिशेब झाकलेला असताना दुसऱ्याच्या लोभावर बोलता येत नाही.

पाहुणा वक्ता बोलावताना त्याचे तीस सेकंदांचे व्हिडिओ बघून ठरवू नका. दोन पूर्ण संदेश ऐका. त्यात पाप, वधस्तंभ, पुनरुत्थान, पश्चात्ताप हे शब्द आले का, आणि किती वेळ वक्ता स्वतःविषयी बोलला, हे लिहून काढा. तो कोणत्या मंडळीचा सभासद आहे आणि चुकला तर त्याला कोण विचारू शकते, ते विचारा. ‘मी फक्त देवाला उत्तर देतो’ हे उत्तर पुरेसे नाही. त्याच्या मंडळीत फोन करा. सभेच्या दुसऱ्या दिवशी तासभर प्रश्नोत्तरे ठेवा आणि तो त्याला बसेल याची आधी खात्री करा.

काही गट मांडवात येत नाहीत, घरात येतात. कॉलेजच्या मुलांना किंवा एकट्या राहणाऱ्यांना मोफत बायबल अभ्यास देतात आणि पहिल्या काही भेटींनंतर म्हणतात, पाळकांना आताच सांगू नका, त्यांना समजणार नाही. पुढे कळते की ख्रिस्त दुसऱ्या कुठल्या नावाने आधीच येऊन गेला आहे, किंवा त्याच्या येण्याची तारीख ठरली आहे. गुप्ततेची अट हीच खूण समजा आणि तरुण संघात ती आधीच सांगून ठेवा. तारखेविषयी मत्तय 24:36 आणि ‘ख्रिस्त अमुक ठिकाणी आहे’ याविषयी त्याच अध्यायाचे 26 वे वचन मुलांना पाठ असू द्या.

इथे एक मर्यादा सांगणे भाग आहे. सावधपणाचा अतिरेकही आनंद मारतो. फिलिप्पैच्या पहिल्या अध्यायात पौल तुरुंगात असताना काही जण हेव्याने, त्याला जास्त त्रास व्हावा म्हणून सुवार्ता सांगत होते. पौल म्हणतो, निमित्ताने असो वा खरेपणाने, ख्रिस्ताची घोषणा होते, यात मी आनंद करतो. तोच पौल तिसऱ्या अध्यायात कुणाची गय करत नाही. पहिल्या अध्यायात माणसांचा हेतू वाईट होता, सुवार्ता खरी होती. तिसऱ्यात सुवार्ताच बदलली होती. हा भेद कमिटीने पाळला तर निम्मे वाद मिटतील. टाळ्या, ड्रम, हात वर करणे, अन्य भाषांत बोलणे, बाप्तिस्म्याची पद्धत यांवर मतभेद असू शकतात, पण दुसऱ्या मंडळीची रीत म्हणजे खोटे शिक्षण नव्हे. एखाद्या वक्त्याचा आवाज किंवा कपडे आवडले नाहीत म्हणून त्याला खोटा संदेष्टा म्हणू नका. तो ख्रिस्ताविषयी, तारणाविषयी आणि देवाच्या कृपेविषयी काय शिकवतो, ते तपासा.

आणि आता ज्याच्यावाचून हे सगळे नियम कोरडे राहतील ते. आपल्या उपासनेत लोकांना आनंद मिळतो का? फिलिप्पैकरांस पत्र सावकाश वाचले तरी पंधरा-वीस मिनिटांत संपते. एका रविवारी संदेशाऐवजी ते सलग मोठ्याने वाचा. चांगला वाचणारा निवडा, आदल्या दिवशी त्याच्याकडून सराव करून घ्या. मग आठ-दहा रविवार एकेका भागावर संदेश द्या. पौलाचा आनंद कशाकशात आहे हे लोकांना स्वतः शोधू द्या. तो माणसांत आहे: ‘माझा आनंद व माझा मुकुट’ असे तो फिलिप्पैच्या मंडळीला म्हणतो, थुवतीराच्या जांभळ्या वस्त्रांच्या व्यापारी लुदियेच्या घरात जमणाऱ्या मंडळीला. तो आभारासह केलेल्या प्रार्थनेत आहे. युवदीया आणि सुंतुखे या भांडलेल्या दोघींनी एकचित्त व्हावे, या नाव घेऊन केलेल्या विनंतीतसुद्धा आहे, कारण त्यानंतर दोनच वचनांनी ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ येते. ज्या मंडळीत दोन घरे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे आनंदावर संदेश देण्याआधी त्या दोन घरांत जावे लागेल.

गाण्याचेही पाहा. नारायण वामन टिळकांच्या पदांपासून आपल्याकडे मराठी भक्तिगीतांचा मोठा साठा आहे. पेटी, ढोलकी आणि टाळांवर ती घराघरांत गायली गेली. त्यांत पाप, क्षमा, ख्रिस्ताचे दुःख आणि त्याच्यावरचे प्रेम आहे. नवी गाणी जरूर घ्या, पण शब्द आधी वाचा. वर्षभर मंडळी फक्त ‘मला मिळेल’ असे गात राहिली, तर पुलपीटवरून काहीही सांगा, माणसे गाण्यातलेच घरी नेतात.

आजाऱ्याच्या घरी बातमी कळल्यापासून आठवड्याच्या आत मंडळीतून कुणीतरी गेलेच पाहिजे. डायलिसिसवरच्या, केमोथेरपीवरच्या माणसाला महिनोन्महिने भेट हवी असते, फक्त पहिल्या आठवड्यात नाही. महिला मंडळाने वही ठेवावी: कोण गेले, केव्हा, पुढची भेट कधी. चमत्काराच्या मांडवाकडे वळणाऱ्यांत अशी घरे बरीच असतात, आणि त्यांना दोष देण्याआधी वही बघावी.

शेवटी जे तिकडून परत येतात त्यांच्याविषयी. ख्रिस्ताच्या वधस्तंभाच्या वैऱ्यांबद्दल पौल रडत रडत लिहितो (फिलिप्पै 3:18). परतलेल्याला मंडळीसमोर उभे करून कबुली घेऊ नका. किती पैसे गेले हे चारचौघांत विचारू नका. मूल दगावले आणि ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे ज्या आईला सांगितले गेले, तिच्याशी पाळकाने व पाळकाच्या पत्नीने घरी जाऊन बोलावे. योहान 9:3 तिच्याबरोबर वाचावे: जन्मांध माणसाचे आंधळेपण ना त्याच्या पापाने आले, ना आईबापांच्या. एका भेटीत हे उतरत नाही. तिला पुन्हा आजारपणाची किंवा मृत्यूची बातमी कानावर आली की जुने वाक्य वर येते, तेव्हा कुणीतरी फोन उचलणारे हवे. तो नंबर कुणाचा असेल हे कमिटीने आधी ठरवावे.

पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर या बाबी घ्याव्यात, ही विनंती: पाहुण्या वक्त्यांसाठी लेखी अटी, साक्षींचा नियम, दानमोजणीची पद्धत, आजाऱ्यांची वही, आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या सलग वाचनाचा रविवार. शेवटची बाब आधी ठरवली तरी चालेल. तिला ठरावाची गरज नाही, तारीख आणि वाचणारा ठरला की झाले.

प्रभूमध्ये आपले,
मंडळीतील बायबल अभ्यासवर्ग चालवणारे सभासद